करंजाखालची बोळकी

अलकनंदाबाईंनी शांताबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शांताबाई रस्त्याच्या कडेला करंजाच्या झाडाखाली उकिडव्या बसून विती मोजत होत्या. अंगठा आणि करंगळी ताणून, खोडापासून उगवतीकडे, एक, दोन, तीन, चार. चौथ्या वितीवर तळहात टेकवून त्यांनी शेजारी उभ्या असलेल्या बाळंतिणीकडे पाहिलं. बाळंतिणीने मान हलवली आणि बाळाला पदराखाली घेऊन ती निघून गेली. जनाना दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहणाऱ्या अलकनंदाबाईंना वाटलं, या बाईचं काहीतरी हरवलंय.

ही १९९१ सालची गोष्ट. अलकनंदाबाईंना सातवा महिना होता. लग्न होऊन मध्य प्रदेशातल्या बालाघाटात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा जंगल खात्यात, त्या सरकारी शाळेत विज्ञानाच्या शिक्षिका, आणि घर भाड्याच्या दोन खोल्यांचं.

शांताबाई त्या दवाखान्याच्या दाई होत्या, पण तसं कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. दवाखाना धर्मादाय. दोन नर्सा, आणि आठवड्यातून तीनदा येणारी डॉक्टरीण. उरलेले चार दिवस आणि सगळ्या अडचणीच्या वेळा शांताबाईंच्या वाट्याच्या. लालबर्र्याकडून, परसवाड्याकडून बसने येणाऱ्या बायका आधी करंजाखाली शांताबाईंना गाठत आणि मग नाव लिहायला आत जात. डॉक्टरीणबाईसुद्धा आल्या आल्या खिडकीतून विचारायच्या, "शांता, आज किती?" शांताबाई बोटं वर करायच्या.

अनुराग झाला तेव्हा अलकनंदाबाईंची आई नागपूरहून वेळेवर पोचू शकली नाही. कळांच्या त्या साऱ्या वेळात कंबर धरून ठेवली ती शांताबाईंनीच. पुढे दहा दिवस त्या घरी येऊन बाळाला तेल लावत, शेकत, आणि अलकनंदाबाईंना दरडावत. "गार पानी पेलं तं मी उद्यापासून येनार नाही. मास्तरीन असान शाळेत."

आठव्या दिवशी बाळाची नाळ गळून पडली. शांताबाईंनी ती तळहातावर घेतली आणि विचारलं, "बाई, हे घर तुमचं का किरायाचं?"

"भाड्याचं."

"अंगन?"

"फरशी आहे सगळी."

"मंग द्या मले." त्यांनी पिशवीतून संक्रांतीचं असतं तसं मातीचं एक बोळकं काढलं. नाळ कापसात गुंडाळून त्यात ठेवली, वर हळकुंड आणि सुपारी ठेवली आणि तोंडाला फडकं बांधलं. "खेड्यातली बाई आपल्या अंगनात पुरते. नोकरीवाल्यायले कुठचं अंगन? आज इथं, उद्या बदली. म्हनून मी करंजाखाली पुरतो. जागा तुमाले दाखवीन, फकस्त तुमाले. मालकाले सांगाचं नाही. कोन्या मानसाले सांगाचं नाही. अन् पोराले तं कधीच नाही. ज्याची त्याले कळली तं जीव तिथं अटकते."

अलकनंदाबाई रजेवर जाण्याआधी सातवीला पचनसंस्था शिकवून आल्या होत्या. त्यांचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. पण समोरच्या बाईने आठ दिवस आपलं मूल आपल्यापेक्षा नीट धरलं होतं, तेव्हा त्यांनी नाही म्हटलं नाही. पंधरा दिवसांनी करंजाखाली शांताबाईंनी विती मोजल्या. मावळतीकडे सहा. अलकनंदाबाईंनी मान हलवली.

विश्वास नव्हता, तरी पुढची तीस वर्षं त्या रस्त्याने जाताना त्यांची नजर करंजाच्या मावळतीच्या अंगाला एकदा तरी जाऊन यायचीच.

दवाखाना बंद पडला. इमारत पाडली गेली. रस्त्यालगतचा जमिनीचा एक तिकोनी तुकडा तेवढा उरला, आणि त्यावर तो करंज. शांताबाईंनी जागा सोडली नाही. सकाळी कॉलन्यांमधून बाळांना तेल लावून आल्या की दहाच्या सुमाराला त्या तिथे पोतं टाकून बसायच्या. मोठ्या दवाखान्यात जाणाऱ्या खेड्यातल्या बायका अजूनही आधी त्यांच्याकडे यायच्या. चिठ्ठी कुठे करायची, कोणत्या खिडकीवर उभं राहायचं, शांताबाई सांगायच्या. आणि अधूनमधून कुणी भाड्याच्या घरातली पोर फडक्याची गाठ घेऊन यायची, तेव्हा खुरपं निघायचं. शंभरावर बोळकी असतील तिथे. शांताबाईंना अक्षर येत नव्हतं. दिशा आणि विती, एवढ्यावर त्या सगळी ओळखायच्या.

दोन वर्षांपूर्वी शहरात एक समिती स्थापन झाली. अध्यक्ष हिरालालजी, राइस मिलवाले. आपल्या आईच्या नावाने काहीतरी करायचं त्यांच्या मनात होतं, आणि त्यांच्या आईला दाईने मरणाच्या दारातून परत आणलं होतं हे ते प्रत्येक सभेत सांगत. त्यातून ठरलं की त्या तिकोनी जागेवर एक छोटी स्मृती-वाटिका करायची: जुन्या काळी या भागात हैजा म्हणजे पटकी आली, माता म्हणजे देवी आल्या, बाळंतपणं अडली, तेव्हा ज्या दाया, आया, परिचारिका उभ्या राहिल्या त्यांच्या नावाने. विचार चांगलाच होता. आराखड्याचं काम देवेंद्रकडे आलं. देवेंद्र भोपाळला आर्किटेक्ट होऊन परतलेला, अलकनंदाबाईंचा सहावीतला विद्यार्थी. वर्गात वहीच्या मागच्या पानांवर घरं काढायचा. त्यानेच समितीत बाईंचं नाव सुचवलं. नावं गोळा करायला कुणीतरी नेमकं माणूस हवं होतं.

बाई वही घेऊन शांताबाईंकडे गेल्या. शांताबाई सांगत गेल्या. "पयली महागूची माय. हैज्यात तिनं गल्लीच्या गल्ली सांभाळली. मंग प्रेमलालची आजी. मंग वारासिवनीवाली."

"त्यांचं नाव काय?"

"हेच त."

"अहो, हे महागूचं नाव झालं. तिचं स्वतःचं?"

शांताबाई हसल्या. "दाईचं नाव कोन घेते बाई? हाक मारते तवा घाईत असते मानूस."

अकरा जणी निघाल्या. त्यांतल्या सात अशा कुणाच्या तरी माय, आजी, कुठल्या तरी गावच्या. बाईंनी जसं सांगितलं तसं लिहिलं. देवेंद्रला ते आवडलं. "असंच कोरू या मॅडम, महागूची माय." त्याचा पहिला आराखडा खरोखर चांगला होता. गुडघ्याएवढी भिंत, तिच्यावर नावं, आणि बसायला उंच बाकांऐवजी वीतभर उंचीचे दगडी ओटे, कारण दाई कधी खुर्चीवर बसली नाही. करंज आहे तसा. त्याच्याखाली मोकळी माती.

समितीने आराखडा पाहिला आणि हिरालालजी म्हणाले, "देवेंद्र बेटा, माता कुठं हाय यात?"

मातेचा पुतळा आला. फायबरची, सहा फुटी, कडेवर बाळ. ती रस्त्यावरून दिसली पाहिजे म्हणून करंजाच्या सावलीत, खोडाभोवती गोल सिमेंटचा चबुतरा करून त्यावर. ओटे गेले, कारण त्यावर कुत्री झोपतील. नावांचंही ठरलं: "महागूची माय, ये क्या नाम हुआ? लोग हसतील." चार नावं कोरायची आणि खाली 'तथा अन्य अज्ञात सेविका'. शांताबाईंचं नाव यायचा प्रश्नच नव्हता. जिवंत माणसाचं नाव असल्या दगडावर घालत नाहीत.

नाव नसल्याचं शांताबाईंना काहीच वाटलं नाही. पण चुन्याची गोल रेघ करंजाभोवती पडली त्या संध्याकाळी त्या अलकनंदाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत.

"किती खोल खोदून राह्यले ते?"

"तीन-चार फूट म्हणतात."

"तुमी थांबवा बाई. तुमचं ऐकतेत ते. पन कारन सांगू नोका."

"कारण न सांगता कसं थांबवू? देवेंद्रला तरी सांगू द्या. शहाणा मुलगा आहे."

"त्याले?" शांताबाई कळवळल्या. "त्याचीच हाय ना तिथं. उगवतीले चार विती. त्याचे बाप किराण्याच्या दुकानावर मुनीम होते, किरायानं राहत. त्याले तं मुळीच नाही."

दुसऱ्या दिवशीच्या सभेत सात पुरुष होते आणि अलकनंदाबाई. त्या म्हणाल्या, झाडाजवळ खोदू नये, मुळं दुखावतील. देवेंद्रने आदराने सांगितलं की मुळांचा विचार केला आहे. त्या म्हणाल्या, पुतळा कोपऱ्यात घ्यावा. हिरालालजी म्हणाले, "मॅडमजी, मातेले कोपऱ्यात बसवाचं? आपल्या मायले कोनी कोपऱ्यात बसवते का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंच्या जिभेवर शब्द आले होते. पण वचन होतं. आणि खरं सांगायचं तर नुसतं वचनच नव्हतं. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने सात पुरुषांसमोर उठून नाळेच्या बोळक्यांसाठी काम थांबवा म्हणावं, हे त्यांच्याच्याने होईना. त्या बसल्या. चहा आला.

सभेत एवढं मात्र पक्कं झालं की खोदकाम गुरुवारी सुरू होईल. ते ऐकून शांताबाईंनीच तोड काढली.

"आपन काढून घेऊ. तुमी अन् मी. मी जागा सांगीन, तुमी खुरपा. माह्या हातात आता जोर नाही. सगळी नाही निंघनार, पन निंघतीन तेवढी. वैनगंगेच्या काठी नेऊन पुरू."

"पहाटे अंधारात जाऊ या," बाई म्हणाल्या.

"अंधारात त्या मातीले हात लावत नाहीत. दिवस वर आला पायजे. सोमवारी चला."

सोमवार. अलकनंदाबाईंच्या डोळ्यासमोर तो रस्ता आला. सोमवारी दहा वाजता त्या रस्त्याने कोण नसतं? शाळेची मुलं, कचेरीत जाणारे जुने विद्यार्थी, थांबून 'नमस्ते मॅडम' म्हणणारे. त्यांच्यासमोर आपण गुडघ्यावर बसून रस्त्याच्या कडेला खुरपणार. विचारलं तर काय सांगणार? बुधवारी शाळा-कचेऱ्यांना सुट्टी होती.

"बुधवारी जाऊ," त्या म्हणाल्या. "गुरुवारच्या आत झालं म्हणजे झालं ना?"

शांताबाई जायला वळल्या. "हौ. तुमी म्हनता तं बुधवार."

जेसीबी मंगळवारी आली. हिरालालजींच्या मिलमधलं काम लवकर आटोपलं होतं, मशीन रिकामी होती, म्हणून त्यांनी तिला इकडे पाठवून दिलं. यात कुणाचा काही वाईट हेतू नव्हता.

बाईंना शेजारणीने सांगितलं की करंजाखाली मडकी निघाली आहेत. त्या चपला घालून निघाल्या आणि पोचल्या तेव्हा पन्नासेक लोक जमले होते. मातीच्या ढिगावर खापऱ्या, काळ्या पडलेल्या सुपाऱ्या, फडक्यांची कुजकी टोकं. ड्रायव्हर खाली उतरून लांब उभा होता; मशीनवर बसायला तयार नव्हता. पहिल्यांदा कुणी म्हणालं, धन आहे. मग हळकुंडं दिसली, आणि गर्दीतला आवाज बदलला.

"अरे, टोना है ये. किसी ने गाड़ के रखा है."

"एक-दोन नाय रे, पूरा खेत बोया है."

"ती म्हातारी नाही का बसत इथं? पोतं टाकून? रोज?"

"मी तं पयलेच म्हनत होतो. नवजात लेकरायच्या घरी जाते ते. तेल लावते."

"टोनही आहे क्या वो? चेटकीन?"

शांताबाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. बहुतेक कॉलनीतून तशाच आल्या होत्या, हाताला तेल होतं. त्या गर्दीकडे पाहत नव्हत्या, ढिगाकडे पाहत होत्या. कोणती खापरी कुठून आली असेल हे डोळ्यांनी लावत होत्या. पण आता दिशाही राहिली नव्हती आणि विती मोजायला जमीनही. दोन पोरं त्यांच्याकडे बोट दाखवून रस्ता ओलांडायला निघाली.

अलकनंदाबाई ढिगावर चढल्या. साडीची किनार चिखलात गेली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज त्यांनी लावला.

"थांबा! हा टोना नाही. या नाळा आहेत. तुमच्या! ज्यांना अंगण नव्हतं त्यांच्या मुलांच्या नाळा शांताबाईंनी इथे पुरल्या. यातली एक माझ्या मुलाची आहे." आणि आवाज बसायच्या आधी एक वाक्य आणखी निघून गेलं. "देवेंद्र, एक तुझीसुद्धा आहे. तुझ्या आईला विचार."

देवेंद्र मोबाइलवर फोटो काढत होता. त्याने मोबाइल खाली घेतला. गर्दीत कुणीतरी हसलं, मग दोन-तीन प्रौढ माणसं ओशाळून एकमेकांना विचारू लागली, तुझा जन्म कुठला, जनान्यातला का? पोरं परत फिरली. धोका टळला.

बाई ढिगावरून उतरून रस्ता ओलांडून गेल्या. त्यांना वाटलं, शांताबाई आता हात धरतील.

"सांगून टाकलं?" शांताबाईंनी विचारलं.

"ते तुम्हाला टोनही म्हणत होते, शांताबाई. मारलं असतं."

"म्हनू द्याचं होतं." त्यांनी तेलाचा हात लुगड्याला पुसला. "मले म्हनत होते ना? तीस-चाळीस वर्सं शंभर बाया गप राह्यल्या. एक नाही बोलली. त्यायले अक्षर येत नव्हतं." मग ढिगाकडे पाहत: "सोमवारी आलो असतो तं काहीच सांगा लागलं नसतं."



त्या रात्री त्यांनी अनुरागला बंगळूरूला फोन केला. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तू क्यों टेंशन ले रही है? वो तो मेडिकल वेस्ट होता है ना." पुढे मराठीत म्हणाला, "जेवलीस का?" मुलगा चांगला आहे. त्याला त्यांनीच विज्ञान शिकवलं होतं.

मलबा ट्रॉलीत भरून कुठल्याशा नव्या प्लॉटच्या भरावाला गेला. शांताबाई दोनदा ट्रॉलीवाल्याकडे विचारायला गेल्या. त्याने वेगवेगळी ठिकाणं सांगितली. तेल लावायला त्यांना बोलावणारी घरंही एकेक करून कमी झाली. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. 'आता आम्ही पार्लरवालीला सांगितलंय', 'डॉक्टर नको म्हणतात', एवढंच. नाळा निघाल्याचं सगळ्यांनी मान्य केलं होतं. पण इतक्या नाळा एका बाईने कशाला जमवाव्या, हा प्रश्न मागे राहिलाच.

देवेंद्र एकदा बाईंकडे आला होता. खूप वेळ बसला. म्हणाला, "मॅडम, मला आधी सांगितलं असतं तर मी एक रेघ हलवली असती. फक्त एक रेघ." मग त्याने सांगितलं की त्याच्या डोक्यात काहीतरी आहे, ज्याने शांताबाईंचा मान राहील. बाईंनी काय ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

वाटिकेचं उद्घाटन झालं त्या दिवशी अलकनंदाबाई मागच्या रांगेत होत्या. शांताबाईंना आणायला गाडी पाठवली होती; ती रिकामी परत आली, आणि शाल-श्रीफळ हिरालालजींनी मातेच्या पायाशी ठेवलं. भाषणं झाली. फीत कापली. मग देवेंद्रने शांताबाईंसाठी योजलेला तो मान दाखवला. चबुतऱ्याच्या पुढच्या अंगाला काचेची एक पेटी बसवली होती, आत लहानसा दिवा, आणि त्या उजेडात तीन बोळकी. ढिगातून तेवढीच शाबूत निघाली होती. खाली पाटी: 'मातृसेवेची प्राचीन परंपरा'. लोक रांगेने येऊन मोबाइलवर फोटो घेत होते. एका बाईने लेकराला उचलून दाखवलं, "देख बेटा, मटकी."

अलकनंदाबाईही रांगेतून पुढे गेल्या. तिन्ही बोळकी सारखी होती, एकाच कुंभाराकडची असावीत. एकाच्या तोंडाला अजून फडक्याची गाठ होती. त्यांनी वाकून पाहिलं. त्यातलं एखादं आपलं असेल का, हे सांगू शकणारी एकच व्यक्ती होती. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, जरा सरकता का, फोटो घ्यायचा आहे." त्या सरकल्या.

शांताबाईंनी शहरातली खोली सोडली, तेही बाईंना नंतर कळलं. मागच्या दिवाळीनंतर बाई बसने बालाघाट जिल्ह्यातल्याच खैरलांजीकडे जाऊन त्यांना एकदा भेटून आल्या. शांताबाई ओळखून हसल्या, पाणी दिलं, अनुरागची चौकशी केली. करंजाचा विषय दोघींनीही काढला नाही.

शांताबाई आता खैरलांजीजवळच्या एका खेड्यात भाचीकडे, मयुरीकडे राहतात. त्या दाई होत्या हे तिथे मयुरीशिवाय कुणाला माहीत नाही. सकाळी अंगणात धान वाळत घातलं की त्या काठी घेऊन कोंबड्या हाकत बसतात.